बिल्ड प्रणालीतील लायब्ररी अवलंबित्व आणि प्रतिष्ठापन लक्ष्ये

एखादा संगणकीय प्रोग्रॅम तयार होण्यासाठी किंवा चालण्यासाठी त्याला इतरत्र लिहिलेल्या लायब्ररींची गरज लागते. या गरजेला लायब्ररी अवलंबित्व असे म्हणतात. तयार झालेला प्रोग्रॅम, त्याच्या लायब्ररी, हेडर फाइली, भाषाविषयक फाइली आणि माहितीपुस्तिका संगणकावर कोणत्या ठिकाणी ठेवायच्या, हे बिल्ड प्रणालीला सांगणारी नोंद म्हणजे प्रतिष्ठापन लक्ष्य होय. सोर्स कोडपासून वापरण्याजोगा प्रोग्रॅम तयार करण्याचे काम ज्या साधनाकडे सोपवलेले असते, त्याला बिल्ड प्रणाली म्हणतात. मेक, ऑटोटूल्स, सीमेक, मेसन आणि मेव्हन ही अशा साधनांची परिचित उदाहरणे आहेत.

अवलंबित्वाची आणि प्रतिष्ठापनाची नोंद पूर्ण व अचूक असेल, तर एका संगणकावर तयार झालेला प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावरही तयार होतो. नोंद अपुरी असेल, तर तो लिहिणाऱ्याच्या संगणकावर चालतो आणि इतरांच्या संगणकावर अडतो. मराठीसारख्या भाषेतील मजकूर पडद्यावर शुद्ध दिसणे किंवा छापील पानावरून ओळखला जाणे हेही अशाच लायब्ररींच्या साखळीवर अवलंबून असते.

परिभाषा

या संदर्भात लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे ग्रंथालय नव्हे, तर अनेक प्रोग्रॅमना उपयोगी पडणाऱ्या तयार फंक्शनांचा संच. त्यामुळे मराठीत ‘ग्रंथालय’ असा शब्दशः अनुवाद न करता ‘लायब्ररी’ हाच शब्द वापरणे सोयीचे ठरते. कंपायलर मूळ कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, तर लिंकर रूपांतरित भाग आणि लायब्ररी एकमेकांना जोडतो. प्रोग्रॅम ज्या लायब्ररीचा स्वतः वापर करतो ते थेट अवलंबित्व, आणि त्या लायब्ररीला पुढे ज्या लायब्ररी लागतात ते अप्रत्यक्ष अवलंबित्व. ‘लक्ष्य’ हा शब्द मेकच्या परिभाषेतून आला असून, जे तयार करायचे ती फाइल किंवा जे पार पाडायचे ते काम, असे त्याचे दोन्ही अर्थ आहेत.

इतिहास

मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये लिहिले. त्यामागे एक प्रसंग सांगितला जातो. फेल्डमन यांच्या एका सहकाऱ्याने प्रोग्रॅममधील चूक दुरुस्त केली होती, परंतु दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती. परिणामी, मुळात बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्याची सकाळ वाया गेली. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले, तर बदललेले तेवढेच पुन्हा तयार करण्याचे काम यंत्राकडे देता येईल, हा विचार मेकच्या मुळाशी आहे. या कार्यासाठी फेल्डमन यांना २००३ सालचा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार देण्यात आला.

मेकला फाइलींमधील संबंध कळतो, पण संगणकावर कोणती लायब्ररी उपलब्ध आहे हे त्याला आपणहून शोधता येत नाही. युनिक्सचे अनेक प्रकार प्रचारात आल्यावर ही उणीव जाणवू लागली. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली सुरू केलेले ऑटोकॉन्फ हे साधन बिल्डपूर्वी संगणकाची तपासणी करणारी ‘कॉन्फिगर’ नावाची आज्ञावली तयार करते. पुढे ऑटोमेक आणि लिबटूल यांची जोड मिळून ऑटोटूल्स हा संच सिद्ध झाला. २००० साली किटवेअर या कंपनीत सीमेकचे काम सुरू झाले. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या आयटीके या प्रकल्पाला युनिक्स व विंडोज या दोन्हींवर चालणारी बिल्ड प्रणाली हवी होती, ही त्यामागची गरज होती. युसी पक्कानेन यांनी २०१३ साली मेसनची निर्मिती केली.

अवलंबित्वाचा आलेख

बिल्ड प्रणाली सर्व अवलंबित्वे एका दिशादर्शक आलेखाच्या रूपात मांडते. घरगुती उदाहरण पुरणपोळीचे देता येईल. पोळीला पुरण आणि भिजवलेली कणीक लागते. पुरणाला शिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ लागतो. डाळ शिजत असतानाच कणीक भिजवता येते, कारण ही दोन कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत. कणीक बिघडली, तर ती पुन्हा भिजवावी लागते. डाळ पुन्हा शिजवण्याचे कारण नाही. मात्र डाळ बदलली, तर पुरण आणि पोळी ही दोन्ही नव्याने करावी लागतात. बिल्ड प्रणाली कामांचा क्रम ठरवते, एकाच वेळी करता येणारी कामे ओळखते आणि अनावश्यक काम टाळते, ती याच पद्धतीने.

कृती लिहिताना गूळ लिहायचा राहून गेला, तर ज्याच्या घरात गूळ नेहमीच असतो त्याला ती चूक कधीही लक्षात येत नाही. दुसऱ्या घरी मात्र त्या कृतीने पुरण होत नाही. न नोंदवलेले अवलंबित्व असेच लपून राहते. म्हणून बिल्डची खरी परीक्षा लिहिणाऱ्याच्या संगणकावर होत नसून, केवळ नोंदवलेल्या लायब्ररी असलेल्या कोऱ्या संगणकावर होते.

लायब्ररींचे प्रकार

लायब्ररी प्रोग्रॅमला दोन प्रकारे जोडता येते. स्थिर जोडणीत लायब्ररीतील आवश्यक भाग प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच समाविष्ट होतो. त्यामुळे प्रोग्रॅम स्वयंपूर्ण होतो. पण फाइलचा आकार वाढतो, आणि लायब्ररीत दोष आढळल्यास तो प्रोग्रॅम पुन्हा तयार करावा लागतो.

सामायिक जोडणीत लायब्ररी स्वतंत्र फाइल म्हणून राहते आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती शोधली जाते. घरोघरच्या आडांऐवजी गावाची एकच विहीर असावी, तसा हा प्रकार आहे. विहीर एकदा साफ केली की साऱ्या गावाला स्वच्छ पाणी मिळते आणि ती दूषित झाली तर त्रासही साऱ्या गावाला होतो.

लिनक्सवरील सामायिक लायब्ररीच्या नावामागे आवृत्तीचा अंक जोडलेला असतो. या नावाला एसओनेम म्हणतात. लायब्ररीच्या बाह्य रचनेत जुन्या प्रोग्रॅमना न चालणारा बदल झाला, की हा अंक वाढवला जातो. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी नांदू शकतात. आवृत्ती क्रमांकाचे मुख्य, उप आणि दुरुस्ती असे तीन भाग करणारी ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ ही पद्धतही याच हेतूने रूढ झाली आहे.

अवलंबित्व नोंदवणे व शोधणे

लायब्ररी कोठे आहे, तिची आवृत्ती कोणती आणि तिच्यासोबत आणखी काय जोडावे लागते, ही माहिती पीकेजी-कॉन्फिग या साधनासाठी असलेल्या छोट्या फाइलींत ठेवलेली असते. कॉन्फिगर आज्ञावली व मेसन या फाइली वाचतात. सीमेकमध्ये ‘फाइंड पॅकेज’ ही आज्ञा हेच काम करते.

सीमेकमध्ये अवलंबित्वाचे तीन प्रकार नोंदवता येतात. लायब्ररीचा वापर केवळ अंतर्गत असेल तर ‘प्रायव्हेट’, तो वापरकर्त्यालाही लागू होत असेल तर ‘पब्लिक’, आणि स्वतःला नको पण वापरकर्त्याला हवा असेल तर ‘इंटरफेस’. सर्व काही सरसकट ‘पब्लिक’ म्हणून नोंदवल्यास बिल्ड होते. पण प्रत्येक वापरकर्त्यावर नको त्या लायब्ररींचा भार पडतो.

डेबियन व उबुंटू या वितरणांत बहुतेक लायब्ररींची दोन पॅकेजे असतात. एकात प्रोग्रॅम चालवण्यासाठी लागणारी लायब्ररी असते. दुसऱ्याच्या नावाशेवटी ‘डेव्ह’ असते आणि त्यात प्रोग्रॅम तयार करण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइली असतात. लायब्ररी इन्स्टॉल केलेली असूनही ती सापडत नाही, अशी नवशिक्यांची तक्रार असते. पुष्कळदा त्यामागे दुसरे पॅकेज नसणे हेच कारण असते.

प्रतिष्ठापन लक्ष्ये

जीएनयू प्रकल्पाच्या संकेतांनुसार मेकच्या फाइलमध्ये काही ठरावीक लक्ष्ये असतात. ‘ऑल’ सर्व काही तयार करते, ‘चेक’ चाचण्या घेते, ‘इन्स्टॉल’ फाइली त्यांच्या जागी नेऊन ठेवते, ‘अनइन्स्टॉल’ त्या काढून टाकते आणि ‘क्लीन’ बिल्डचे अवशेष साफ करते.

फाइली ठेवण्याचे मूळ स्थान ‘प्रिफिक्स’ या नावाने ठरते. ते वेगळे सांगितले नाही, तर /यूएसआर/लोकल ही निर्देशिका गृहीत धरली जाते. तिच्याखाली प्रोग्रॅम ‘बिन’मध्ये, लायब्ररी ‘लिब’मध्ये, हेडर फाइली ‘इन्क्लूड’मध्ये आणि सामायिक माहिती ‘शेअर’मध्ये जाते. एखाद्या प्रोग्रॅमचा मराठी अनुवाद उपलब्ध असेल, तर तो ‘शेअर’मधील ‘लोकेल’ निर्देशिकेत ‘एमआर’ या मराठीच्या संकेताखाली ठेवला जातो. हा अनुवाद प्रतिष्ठापन लक्ष्यात नोंदवायचा राहिला, तर अनुवादकाचे काम पूर्ण होऊनही वापरकर्त्याला प्रोग्रॅम इंग्रजीतच दिसतो.

पॅकेज बांधणाऱ्यांसाठी ‘डेस्टडिर’ ही सोय महत्त्वाची आहे. तिच्यामुळे सर्व फाइली प्रथम एका तात्पुरत्या निर्देशिकेत जमा होतात, पण प्रोग्रॅमच्या दृष्टीने त्यांचे अंतिम स्थान प्रिफिक्सने ठरवलेलेच राहते. त्या निर्देशिकेतून पॅकेज तयार करून ते अनेक संगणकांवर नेता येते. ज्या प्रयोगशाळेत प्रत्येक संगणकावर पुरेशी इंटरनेट जोडणी नसते, तेथे एकदाच बिल्ड करून अशी प्रत वाटणे उपयुक्त ठरते. मात्र त्या सर्व संगणकांची प्रणाली समान असावी लागते.

‘इन्स्टॉल’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच नसतो. जावा भाषेसाठी वापरल्या जाणाऱ्या मेव्हनमध्ये या नावाचा टप्पा तयार झालेले पॅकेज वापरकर्त्याच्या स्थानिक भांडारात ठेवतो, जेणेकरून त्याच संगणकावरील इतर प्रकल्पांना ते वापरता यावे. तो संपूर्ण संगणकासाठी प्रोग्रॅमचे प्रतिष्ठापन करत नाही. तसेच सीमेक ‘अनइन्स्टॉल’ हे लक्ष्य आपणहून पुरवत नाही. इन्स्टॉल केलेल्या फाइलींची यादी मात्र तो बिल्ड निर्देशिकेत लिहून ठेवतो.

उदाहरण : टेसरॅक्ट आणि मराठी अक्षरओळख

टेसरॅक्ट हा छापील पानाच्या प्रतिमेवरून मजकूर ओळखणारा मुक्त प्रोग्रॅम आहे. त्याचा विकास १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत झाला. २००५ साली तो मुक्त करण्यात आला आणि २००६ पासून पुढे बरीच वर्षे गूगलने त्याच्या विकासाला पाठबळ दिले. मराठीसाठी त्याची स्वतंत्र प्रशिक्षित फाइल उपलब्ध असून तिचा संकेत ‘एमएआर’ असा आहे. हा प्रोग्रॅम सोर्स कोडपासून तयार करताना अवलंबित्वाचे व प्रतिष्ठापनाचे बहुतेक प्रश्न क्रमाने समोर येतात.

टेसरॅक्टचे प्रमुख अवलंबित्व लेप्टोनिका या प्रतिमाविषयक लायब्ररीवर आहे. ती नसल्यास कॉन्फिगरचा टप्पाच थांबतो आणि काय हवे आहे ते संदेशातून कळते. लेप्टोनिका पुढे पीएनजी, जेपीईजी व टीआयएफएफ प्रकारच्या प्रतिमा वाचणाऱ्या लायब्ररींवर अवलंबून असते. पण ही अवलंबित्वे ऐच्छिक आहेत. त्या लायब्ररी नसल्या, तरी लेप्टोनिका तयार होते, टेसरॅक्टही तयार होतो आणि स्कॅन केलेले पान समोर ठेवल्यावर प्रतिमा वाचता येत नसल्याचे उघड होते. बिल्ड थांबवणारी चूक लगेच सापडते. बिल्ड पुढे जाऊ देणारी उणीव मात्र उशिरा कळते. म्हणून कॉन्फिगरच्या शेवटी दिसणारा गोषवारा वाचणे आवश्यक असते.

मेक इन्स्टॉल ही आज्ञा दिल्यावर टेसरॅक्टची सामायिक लायब्ररी /यूएसआर/लोकलखाली जाते. तरीही प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी सापडत नसल्याचा संदेश येऊ शकतो, कारण लिनक्स सामायिक लायब्ररींची एक सूची राखून ठेवतो. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर ती सूची अद्ययावत होते.

यानंतरही मराठी ओळखली जात नाही, कारण भाषांच्या प्रशिक्षित फाइली मेक इन्स्टॉलमध्ये समाविष्ट नाहीत. त्या वेगळ्या भांडारातून आणून ‘टेसडेटा’ निर्देशिकेत ठेवाव्या लागतात. निर्देशिका दुसरीकडे असेल, तर ‘टेसडेटा प्रिफिक्स’ या पर्यावरण चलातून तिचा पत्ता द्यावा लागतो. नव्या टंकासाठी प्रशिक्षण देण्याची साधने हवी असतील, तर ‘ट्रेनिंग’ व ‘ट्रेनिंग-इन्स्टॉल’ ही आणखी दोन लक्ष्ये आहेत. त्यांना आयसीयू, पँगो आणि कैरो या लायब्ररी लागतात. केवळ पाने वाचू इच्छिणाऱ्यावर या लायब्ररींचा भार पडू नये, म्हणून ही लक्ष्ये वेगळी ठेवली आहेत.

नांदेड व लातूर परिसरातील संदर्भ

नांदेड आणि आजच्या लातूर जिल्ह्याचा प्रदेश १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. निजामाच्या राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्यामुळे या भागातील जुन्या कागदपत्रांत मराठीबरोबर उर्दूही आढळते, तसेच मोडी लिपीतील कागदही आढळतात. असा छापील संग्रह संगणकावर आणायचा असेल, तर टेसरॅक्टसोबत मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांच्या फाइली प्रतिष्ठापनात नोंदवाव्या लागतात. त्यांपैकी एक वगळल्यास प्रोग्रॅम बंद पडत नाही. त्या भाषेची पाने मात्र चुकीची वाचली जातात. मोडी लिपीला युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत, २०१४ साली स्थान मिळाले. परंतु हस्तलिखित मोडी वाचण्याचा प्रश्न केवळ भाषेची फाइल जोडून सुटणारा नाही.

या परिसरात १९८१ साली स्थापन झालेली नांदेडच्या विष्णुपुरी येथील श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, तसेच १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ या उच्च शिक्षणाच्या प्रमुख संस्था आहेत. विद्यापीठाचे उपकेंद्र लातूर येथे आहे. जुन्या कागदपत्रांचे अभ्यासक आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी एकाच परिसरात असल्याने वरील उदाहरण येथे विशेष लागू पडते.

चक्राकार अवलंबित्व

अवलंबित्वाच्या आलेखात चक्र निर्माण झाल्यास बिल्डचा आरंभ कोठून करावा हा प्रश्न उभा राहतो. देवनागरी लिपीशी निगडित असे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांची योग्य मांडणी हार्फबझ ही लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड यांत तिचा वापर होतो. टंकाच्या फाइलीतील अक्षराकृती रेखाटण्याचे काम फ्रीटाइप ही लायब्ररी करते. हार्फबझ फ्रीटाइपचा उपयोग करू शकते, आणि अक्षरांची रेखीवता सुधारण्यासाठी फ्रीटाइप हार्फबझचा उपयोग करू शकते.

ही कोंडी फोडण्यासाठी प्रथम हार्फबझविना फ्रीटाइप तयार करतात, तिच्या आधारे हार्फबझ तयार करतात आणि शेवटी हार्फबझसह फ्रीटाइप पुन्हा तयार करतात. एक अवलंबित्व ऐच्छिक असल्यामुळेच हे शक्य होते. दोन्ही अनिवार्य असती, तर कोऱ्या संगणकावर यांपैकी एकही लायब्ररी तयार झाली नसती.

धोके आणि घटना

अप्रत्यक्ष अवलंबित्व दृष्टीआड राहते, आणि गंभीर घटना बहुधा तेथेच घडतात. २२ मार्च २०१६ रोजी जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले. त्याचे नावही माहीत नसलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड त्या दिवशी बंद पडले. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉग४जे या लायब्ररीत गंभीर दोष उघड झाला, तेव्हा अनेक संस्थांसमोर पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हता. आपण ही लायब्ररी वापरतो का, हाच होता.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझी यूटिल्सच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट लपवलेली असल्याचे जाहीर केले. एसएसएचद्वारे लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे पाहून त्यांनी शोध घेतला होता. ओपनएसएसएच मुळात एक्सझीची लायब्ररी वापरत नाही. परंतु काही लिनक्स वितरणांनी केलेल्या बदलामुळे तिच्यात सिस्टिमडीची लायब्ररी जोडली गेली होती आणि त्या लायब्ररीमार्गे एक्सझी आत येत होती. ही चोरवाट जोडणारा एक दुवा बिल्डच्या आज्ञावलीतच होता, आणि तो वितरित संग्रहात असूनही प्रकल्पाच्या सार्वजनिक कोड भांडारात नव्हता. बिल्डच्या फाइलीही कोडइतक्याच काळजीने तपासल्या पाहिजेत, हे या घटनेने दाखवून दिले.

दक्षता

पुढील पद्धती सामान्यतः सुचवल्या जातात :

• थेट वापरातील प्रत्येक लायब्ररी किमान आवृत्तीसह नोंदवणे. ती दुसऱ्या लायब्ररीमार्गे आपोआप मिळते यावर विसंबून न राहणे.
• ऐच्छिक अवलंबित्व सापडले की नाही, हे बिल्डच्या गोषवाऱ्यात स्पष्ट दाखवणे.
• कोऱ्या प्रणालीवर नियमितपणे बिल्ड करून पाहणे.
• बिल्ड निर्देशिकेतच नव्हे, तर इन्स्टॉल केल्यानंतरही प्रोग्रॅम चालवून पाहणे. सीमेक बिल्डच्या वेळी प्रोग्रॅममध्ये लायब्ररीचा मार्ग लिहितो आणि इन्स्टॉल करताना तो काढून टाकतो. त्यामुळे आधी चालणारा प्रोग्रॅम नंतर अडू शकतो.
• वितरणाच्या पॅकेजांच्या निर्देशिकेत स्वतः फाइली न टाकता /यूएसआर/लोकल किंवा स्वतःची निर्देशिका वापरणे. डेबियनच्या धोरणानुसार त्याची पॅकेजे /यूएसआर/लोकलमध्ये फाइली ठेवत नाहीत, म्हणून तेथे संघर्ष टळतो.
• वापरलेल्या लायब्ररींचे परवाने तपासणे. स्थिर व सामायिक जोडणीसाठी परवान्याच्या अटी भिन्न असू शकतात.

एकाच मूळ कोडपासून कोणालाही अक्षरशः तीच फाइल तयार करता यावी, या उद्देशाने डेबियनमध्ये २०१३ पासून पुनरुत्पादनक्षम बिल्डचे काम सुरू आहे. निक्स आणि गिक्स ही साधने प्रत्येक पॅकेज स्वतंत्र निर्देशिकेत ठेवतात आणि बिल्डला केवळ नोंदवलेली अवलंबित्वे उपलब्ध करून देतात. त्यामुळे न नोंदवलेले अवलंबित्व बिल्डच्या वेळी सहसा दिसतच नाही आणि नोंदीतील उणीव लिहिणाऱ्याच्याच संगणकावर उघडी पडते.

हे सुद्धा पहा

• कंपायलर
• लिनक्स
• युनिकोड
• मुक्त सॉफ्टवेअर
• मोडी लिपी